डेकचं खूळ, दीड लाख आणि सहाशे स्क्रू

गेल्या दिवाळीत दादा न्यूजर्सीहून आला होता. एका संध्याकाळी गावच्या घराच्या मागच्या दारात चहाचा कप घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "इथे एक डेक पाहिजे यार." झालं. पंधरा दिवसांनी तो परत गेला आणि डेक माझ्या गळ्यात पडला.

आधी जागा सांगते म्हणजे पुढचं कळेल. आमचं घर दापोली तालुक्यात, उतारावर. पुढून सगळं व्यवस्थित आहे, अंगण, तुळस, पायऱ्या, पण मागचं दार उघडलं की एक छोटीशी पायरी आणि मग थेट ५ फूट खाली पोफळी. समुद्र सरळ रेषेत दीडेक किलोमीटर, पोफळींच्या शेंड्यांमधून त्याची एक करडी पट्टी दिसते. बाबा गेल्यापासून आई वर्षातले आठ-नऊ महिने तिथेच असते आणि रोज संध्याकाळी त्या उंबऱ्यावर बसते (उंबऱ्यावर बसू नये हे आम्हाला लहानपणी तिनेच शिकवलं, असो). तर दाराच्या लेव्हलला १६ बाय १० फुटांचा लाकडी डेक, तीन बाजूंनी रेलिंग, आणि कोपऱ्यातून खाली बागेत उतरायला जिना, अशी दादाची आयडिया. आई म्हणाली, "म्हणजे माळाच ना रे, बाहेर काढलेला?" हो, माळाच.

काकांचं म्हणणं होतं की कशाला हे अमेरिकन थेर, चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत घाला, भराव टाका, वर कोबा करा, ओटा तयार. बोलणं खोटं नव्हतं. पण वरच्या अंगणातलं सगळं पावसाचं पाणी त्याच बाजूने खाली उतरतं, तिथे ५ फुटी भरावाची भिंत घातली तर पाण्याने जायचं कुठे, आणि शिवाय तीन चांगल्या पोफळी तोडाव्या लागल्या असत्या. डेकला खालून पाणी जातं, हवा जाते, पोफळ मध्येच आली तर तिच्याभोवती भोक ठेवता येतं. (एक पोफळ खरंच डेकमधून वर आली आहे, बघायला येणारे सगळे आधी तिलाच हात लावतात.)

बजेट दीड लाख. दादाचे एक लाख, माझे पन्नास हजार, आणि दर शनिवारी पुण्याहून ताम्हिणीतून गाडी हाणत जाण्याचे कष्ट माझे.

आता दादाने स्वतः तिकडे न्यूजर्सीत एडिसनला घरामागे डेक बांधून घेतलाय त्यामुळे तो या विषयात पीएचडी. रोज रात्री व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज. तिकडे म्हणे बहुतेकांचा स्वस्तातला डेक प्रेशर ट्रीटेड पाइनचा असतो, म्हणजे साधं पाइनचं लाकूड पण दाबाखाली त्यात औषध मुरवलेलं. २००३ संपेपर्यंत तिकडच्या घरगुती डेकच्या लाकडात आर्सेनिकवालं औषध चालायचं, मग ते बंद झालं आणि तांब्याचं औषध आलं, आणि त्या तांब्याने साधे झिंकचे स्क्रू खायला सुरुवात केली. त्यामुळे दादाचं पहिलं वाक्य हे होतं की फळी कुठलीही घे, स्क्रूमध्ये पैसे वाचवू नकोस. मी तेव्हा हो हो केलं. मला वाटलं काहीतरी तिकडचं असेल.

तिकडचं बरंचसं इकडे लागू पडत नाहीच. त्यांच्याकडे थंडीत जमीन गोठून फुगते म्हणून डेकच्या खांबांसाठी तीन-तीन फूट खणावं लागतं, आमच्याकडे दीड फुटावर कातळ लागला आणि पहार नाचायला लागली. त्यांच्याकडे डेकची एक बाजू घराच्या भिंतीलाच बोल्ट मारून टांगतात. आमच्या भिंती जुन्या, चिऱ्याच्या, मातीच्या चिखलात बसवलेल्या, त्यांना बोल्ट मारायचं मेस्त्रींना नुसतं सांगितलं तर ते माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की मी विषयच बदलला. मग ठरलं की डेक स्वतःच्या पायावर उभा राहणार, घराला अजिबात चिकटणार नाही, भिंत आणि डेकच्या मध्ये १ इंच फट. ती फट मला आधी विचित्र वाटली होती पण पावसात कळलं की भिंतीवरून येणारं पाणी त्यातून सरळ खाली जातं, नाहीतर तिथेच मुरलं असतं.

आता फळ्या. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि खरं सांगायचं तर इथे एवढा वेळ घालवायची गरज नव्हती.

पहिला विचार डब्ल्यूपीसीचा, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून केलेल्या फळ्या. वाळवी नाही, पॉलिश नाही, कुजणं नाही. पुण्यात दुकानात गेले तर त्यात दोन प्रकार, आतून पोकळ आणि भरीव. पोकळवाली १९० रुपये स्क्वेअर फूट, भरीव ३२० (हे मला मिळालेले भाव, तुमच्याकडे वेगळे असतील). एक गोष्ट मात्र नीट बघा, प्लायवुडच्या दुकानात डब्ल्यूपीसी मागितलं की ते किचनच्या ट्रॉल्या आणि बाथरूमच्या दारांसाठी असतो तो फोमचा पांढरा बोर्ड दाखवतात. तो हलका, गुळगुळीत आणि स्वस्त असतो पण त्यावर चालायचं नसतं हो, डेकिंगचा माल वेगळा. मला एकाने तोच बोर्ड "मॅडम आउटडोरला पण चालतो" म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न केला.

सॅम्पलचे दोन तुकडे आणले, एक पोकळ, एक भरीव, आणि गावी मागच्या दारासमोर दुपारभर उन्हात ठेवले. फेब्रुवारीतलं ऊन, काही मे महिना नव्हता. तीन वाजता आईला म्हटलं पाय ठेवून बघ. तिने पाय ठेवला आणि लगेच उचलला. "हे काय, तवा आहे का?" आमच्या घरात कोणी चपला घालून फिरत नाही, मागच्या दारी तर नाहीच नाही, त्यामुळे तो विषय जवळजवळ तिथेच संपला. गडद रंग जास्त तापतो, फिकट घेतला असता तर थोडा फरक पडला असता, पण मग पोफळीचे डाग दिसले असते. शिवाय या फळ्या उन्हाने लांबीत वाढतात त्यामुळे टोकांना फट सोडावी लागते आणि खालच्या आडव्या पाईपांचं अंतर फुटाच्या आसपास ठेवावं लागतं, लाकडाला १६ इंच चालतं. म्हणजे फळीत वाचलेले पैसे खालच्या लोखंडात गेले. कोणीही स्क्वेअर फुटाचा भाव सांगितला की खालच्या फ्रेमचा खर्च त्यात धरलाय का हे विचारा, बहुतेक वेळा धरलेला नसतो.

दुसरा पर्याय थर्मो पाइन, भट्टीत भाजलेलं पाइन. दिसायला एक नंबर. ४५० रुपये फूट. पुढे.

बांबू पण झाला. सिंधुदुर्गातल्या मैत्रिणीने सांगितलं की तिकडचा माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, तो वापर. रेलिंगला मस्त दिसला असता. पण बांबूला कीड लागू नये म्हणून बोरॅक्सच्या पाण्यात भिजवतात ना, ते औषध पावसात धुऊन जातं. छपराखाली ठीक आहे, उघड्यावर आमच्या ३००० मिलिमीटर पावसात दोन वर्षांत सगळं बदलायला लागलं असतं. आणि ज्या रेलिंगला सत्तरीची बाई रेलून उभी राहणार ते दोन वर्षांच्या भरवशावर नको.

शेवटी उत्तर मेस्त्रींनी दिलं. आमचे मेस्त्री म्हणजे बाबांच्या वेळचे, साठी उलटलेली, बोलतात कमी आणि बोलले की पैसे वाचतात. ते म्हणाले, "ताई, शेजारच्या वाडीत घर पाडतायत. ऐनाचे वासे आहेत. कौलाचं छप्पर काढून स्लॅब टाकतायत." बास. ऐन आणि किंजळ ही आमच्या जुन्या घरांची लाकडं, जड, कडक, वाळवीला सहजी दाद न देणारी. नवीन ऐन तोडायचा तर स्वतःच्या जागेतला असला तरी परवानगी लागते, १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात ऐन, किंजळ, फणस सगळे येतात. पाडलेल्या घराचं लाकूड मात्र पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेलं, नव्या लाकडापेक्षा कमी आकसणारं, कमी वाकणारं, जे काय वाकायचं ते बरंचसं आधीच वाकून झालंय.

आम्हाला साधारण २१ घनफूट लाकूड लागलं, १४०० रुपये घनफुटाने. वर सॉ मिलमध्ये कापून रंधा मारायचे ६०००. म्हणजे फळी स्क्वेअर फुटाला साधारण २२० रुपयांना पडली, पोकळ डब्ल्यूपीसीपेक्षा थोडीशीच महाग.

पण सॉ मिलवाला जुनं लाकूड घ्यायला तयारच नव्हता. कारण आत खिळे. एक खिळा ब्लेडखाली आला की ब्लेड गेलं. मग मी, मेस्त्री आणि त्यांचा नातू अंगणात दोन दिवस वासे मांडून खिळे काढत बसलो. ते खिळे बघायला पाहिजे होते, लोहाराने हाताने केलेले, चौकोनी, बोटभर लांब, टोकाला जरा वाकडे. वरून काळं झालेलं लाकूड, खिळ्याभोवती निळसर-काळा डाग, आणि पटाशीने एक चपटी उडवली की आत चॉकलेटी लाल. काही खिळे इतके घट्ट की पक्कडीने ओढताना किंचाळायचे. नातू लोहचुंबक फिरवत होता, चुंबक चिकटला की ओरडायचा "आणखी एक!" एकूण एक डबाभर निघाले. तरी एक राहिलाच आणि ब्लेडचे ८०० रुपये भरले.

दुसरी फजिती माझी. वाळवी आणि बुरशीसाठी काजूच्या टरफलाचं तेल लावायचं ठरलं, होड्यांना लावतात ते. स्वस्त, इथेच मिळतं, काळपट रंग येतो. मेस्त्री म्हणाले हातमोजे घाला. मी रबरी मोजे घातले पण मनगटापर्यंतच होते, आणि तेल ओघळलं कोपरापर्यंत. दुसऱ्या दिवशी उजव्या हाताला भाजल्यासारखे फोड. आठवडाभर ऑफिसमध्ये फुल बाह्यांचे कुडते. लावणार असाल तर पूर्ण बाह्या, आणि फळ्यांच्या फक्त खालच्या अंगाला आणि कापलेल्या टोकांना लावा. वर, जिथे अनवाणी चालायचं तिथे आम्ही जवसाचं तेल लावलं.

दादा मात्र शेवटपर्यंत म्हणत होता की स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मार, चांगल्या कंपनीचा स्टेन मार, दर दोन वर्षांनी मार. मी म्हटलं बघू.

आता स्क्रू. १६ इंचांवर एक असे खाली १३ आडवे पाईप, वर फळ्यांच्या २३ ओळी, प्रत्येक ठिकाणी दोन, करा हिशोब, सहाशेला दोन कमी. हार्डवेअरच्या दुकानात पिवळट झिंकवाले सेल्फ ड्रिलिंग स्क्रू २ रुपयाला एक. मी आमच्या गोठ्याच्या पत्र्यांना तेच मारले होते, निसर्ग वादळानंतर, म्हणजे २०२० मध्ये, आणि आता त्यांची डोकी बोटाने खरवडली तर सुटी होतात. मेस्त्रींनी एक काढून माझ्या हातावर ठेवला. वरून गोल डोकं, खाली आगपेटीच्या काडीएवढा गंजलेला दांडा. "खारं वारं आहे ताई. लोखंड म्हणजे त्याला भाकरी."

स्टेनलेसमध्ये ३०४ ग्रेडचा स्क्रू ८ रुपयाला एक. तो मऊ असतो, स्वतःहून लोखंडात भोक पाडत नाही, म्हणजे आधी ड्रिल मारायचं, फळीत एक, पाईपात एक. मध्ये एक ४१० नावाचा प्रकार असतो, तो कडक, स्वतः भोक पाडतो, पण गंजायला ३०४ पेक्षा लवकर तयार. दोन्हीतला फरक म्हणजे आमच्यासाठी दोन दिवसांची जास्तीची मजुरी. झिंक आणि ३०४ मधला फरक सहाशे स्क्रूंना साधारण ३६०० रुपये. दीड लाखाच्या कामात ३६०० रुपये! आणि याच ३६०० साठी लोक पूर्ण डेक उखडतात, कारण फळी चांगली असते पण तिला धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं, एक टोक वर येतं, पाय अडकतो. तेव्हा मला दादाचं पहिलं वाक्य आठवलं पण त्याला सांगितलं नाही, डोक्यावर बसला असता.

खालची फ्रेम चौकोनी पाईपची, ती कशी गंजेल हे आधी बघा. पाईपचं तोंड उघडं राहिलं की पाणी आत जातं आणि आतून कुजतो, बाहेरून रंग मस्त. आणि खांब काँक्रीटमध्ये गाडला की नेमका जमिनीलगत कुजतो, कारण तिथे पाणी थांबतं. म्हणून चिऱ्याचे खांब बांधून, वर काँक्रीटची टोपी, तिला बाहेरच्या बाजूला उतार, आणि त्यावर फ्रेमची प्लेट बोल्टने, अशी रचना. पाईप आणि फळीच्या मध्ये डांबरी पट्टी चिकटवली, म्हणजे ओलं लाकूड लोखंडाला चिकटून राहत नाही.

आता रेलिंग, आणि इथे मला जवळजवळ फसवलंच होतं.

रेलिंगसाठी पहिला आला तो स्टेनलेसवाला. चकाचक फोटो, ६५० रुपये रनिंग फूट, "३०४ आहे मॅडम, लेखी देतो." आमचं रेलिंग ३२ फूट, म्हणजे २१ हजारांच्या आत. बाकीच्यांचा ३०४ चा भाव ११०० होता. मला वाटलं गावाकडचा माणूस आहे, मजुरी कमी. सॅम्पलला त्याने स्वतःच चुंबक लावून दाखवला, चिकटला नाही, बघा ओरिजनल. मी खूश. मग पुण्यात भंगारचा धंदा करणाऱ्या शेजाऱ्यांना सहज विचारलं तर ते हसायलाच लागले. चुंबक २०२ ला पण चिकटत नाही. २०२ म्हणजे स्वस्तातलं स्टेनलेस, निकेल कमी करून त्या जागी मँगनीज घातलेलं, आणि दिसायला हुबेहूब. त्यांच्याकडे एक औषधाची बाटली आणि छोटी बॅटरी होती, सॅम्पलवर एक थेंब टाकला, बॅटरी लावली, थेंब लालसर झाला. म्हणजे २०२. पुढच्या शनिवारी त्याच माणसाने दोन वर्षांपूर्वी लावलेलं एका होमस्टेचं रेलिंग बघून आले. प्रत्येक वेल्डिंगच्या जोडावर चहा सांडून सुकल्यासारखे तपकिरी ओघळ. समुद्राजवळ ३०४ ला सुद्धा थोडे डाग येतातच, खऱ्या अर्थाने टिकतं ते ३१६, त्यात मॉलिब्डेनम असतं, पण त्याचा भाव ऐकून मी फोन ठेवला.

काच तर विचारूच नका. दिसते सुंदर, २२०० रुपये फूट, आणि खाऱ्या हवेत आठवड्याला पुसायची. कोण पुसणार, आई? आणि निसर्गच्या वेळी आमच्या गोठ्याचे पत्रे खालच्या बागेत सापडले होते, तसला वारा अख्ख्या काचेच्या भिंतीवर आपटू दे असं मला वाटेना.

राहिलं साधं लोखंड. एमएस. इथे एक गंमत आहे ती सगळ्यांना सांगते. फॅब्रिकेटर जर फुटावर भाव सांगत असेल तर त्याचा फायदा पाईप पातळ वापरण्यात, आणि किलोवर सांगत असेल तर जाड वापरण्यात. ४० बाय ४० चा पाईप २ एमएमचा घेतला तर २० फुटी नग साधारण १४ किलो भरतो, आणि तोच १६ गेजमध्ये, म्हणजे १.६ एमएम, तर साडेअकराच्या आसपास. बाहेरून दोन्ही सारखेच. म्हणून किलोवर भाव घ्या, पण कुठला पाईप किती एमएमचा हे आधी कागदावर लिहून, आणि माल काट्यावर आपल्यासमोर. आमचं रेलिंग १६० किलोचं झालं, १२५ रुपये किलोने २०,०००.

पण लोखंडाला खारं वारं खाणार त्याचं काय? सगळे म्हणतात रेड ऑक्साईड मारा आणि ऑइल पेंट. तो आमच्या गेटला दर दोन वर्षांनी मारतो, दर वेळी पॉलिश पेपरने घासून. ८७ उभ्या सळयांना कोण घासणार? मग हॉट डिप गॅल्वनायझिंगचा विचार आला, म्हणजे तयार झालेलं रेलिंगच वितळलेल्या जस्ताच्या हौदात बुडवून काढायचं. मला वाटलं हे मोठ्या कारखान्यांचं काम असेल, आपल्यासारख्यांना दारात उभं करणार नाहीत. पण चाकणकडे एका प्लांटवाल्याने फोनवर सरळ सांगितलं, किलोला २० रुपये, वाट बघावी लागेल, दुसऱ्यांच्या मालाबरोबर बुडवू.

आणि एक सूचना दिली, ती महत्त्वाची. प्रत्येक बंद पाईपला भोकं पाहिजेत. बंद पाईपात थोडी जरी ओल राहिली तर ४५० अंशांच्या हौदात तिची वाफ होऊन पाईप फुटतो, तिथली माणसं भाजतात. भोकं नसतील तर माल परत. आमच्या फॅब्रिकेटरला हे पटवायला मला अर्धा तास लागला, तो म्हणे "एवढं सुंदर काम आणि त्याला भोकं?" शेवटी सगळी भोकं खालच्या बाजूने पाडली. आता पावसात आत गेलेलं पाणी त्यातूनच बाहेर येतं, म्हणजे तसंही बरंच झालं.

दुसरी अट, गॅल्वनाइज झाल्यावर साइटवर वेल्डिंग करायचं नाही. वेल्डिंगने जस्त जळतं, पांढरा धूर निघतो, तो फुप्फुसाला वाईट आणि ती जागा परत उघडी. म्हणून सगळं रेलिंग तुकड्यांमध्ये, चार-साडेचार फुटांचे पॅनल, आणि जोड बोल्टचे. खालची फ्रेमसुद्धा त्याच टेम्पोत घातली. रेलिंगचा गॅल्वनायझिंग, भाडं, बोल्ट सगळं धरून खर्च २७ हजारांच्या वर गेला नाही, म्हणजे ८५० रुपये फुटाच्या आतच. २०२ पेक्षा महाग, खऱ्या ३०४ पेक्षा स्वस्त. दिसतं मात्र विजेच्या खांबासारखं, राखाडी, खवलेखवले. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "एमएसईबीचं ऑफिस वाटतंय." म्हणून वरच्या पाईपवर उरलेल्या ऐनाची ४ इंची पट्टी बसवली. हात टेकायला गार, आणि चहाचा कप ठेवता येतो.

उंची आणि फट. आपल्याकडच्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये बाल्कनी, गच्चीच्या कठड्याची उंची १ मीटर ते १.२ मीटर सांगितली आहे. दादाच्या तिकडे ३६ इंच चालतात. पण आमचा प्रश्न वेगळाच होता, आईला खुर्चीत बसून समुद्र दिसला पाहिजे. म्हणून फ्रेम झाल्यावर फळ्या ठोकायच्या आधी दोन फळ्या नुसत्या टाकल्या, त्यावर खुर्ची, खुर्चीत आई, आणि मी आणि नातू दोन टोकांना काठ्यांना सुतळी बांधून वर-खाली करतोय. "वर... थोडी खाली... आता दिसतंय." साडेतीन फुटांना सुतळी बरोबर नजरेच्या खाली आली. दोन सळयांमधली फट ४ इंचांपेक्षा कमी, हा नियम दादाकडचा, तिकडे चार इंची चेंडू आरपार जाऊ नये असं बघतात. आम्ही सोललेला नारळ घेऊन बघितला. अडकला. आडव्या सळया अजिबात घेऊ नका, दिसायला मॉडर्न असतात पण पोरांसाठी ती शिडी आहे, माझा भाचा तर मांजराच्या जातीचा.

एक चूक झाली ती पण सांगते. जिन्याच्या खालच्या टोकाचा रेलिंगचा खांब फॅब्रिकेटरने थेट जुन्या चिऱ्यात फास्टनर मारून बसवला, मी त्या शनिवारी आले नव्हते. चिरा मऊ, फास्टनर आवळला की आतून भुगा होतो. पंधरा दिवसांत तो खांब हलायला लागला. मग तिथला चिरा काढून काँक्रीटचा ठोकळा ओतला, पण घाईत त्याला उतार द्यायचं राहून गेलं.

एप्रिलअखेर काम संपलं. एकूण १ लाख ५३ हजार. वरचे ३ दादाने दिले नाहीत, अजून विचारतेय.

आता पहिला पावसाळा काढून झालाय म्हणून लिहितेय, नाहीतर उन्हाळ्यातच फोटो टाकून मोकळी झाले असते. स्क्रू सगळे चकचकीत. फळ्यांच्या मध्ये आम्ही ६ एमएमचा ड्रिल बिट घालून फट ठेवली होती, जुलैत लाकूड फुगून ती निम्म्याहून कमी झाली, पण पाणी कुठे थांबलं नाही. पोफळीजवळच्या सावलीतल्या तीन फळ्यांची कड वर उचलली गेलीय, मेस्त्री दसऱ्यानंतर येऊन त्या उलट्या करून बसवणार आहेत. शेवाळ येतंच, त्याला इलाज नाही, काथ्याचा ब्रश आणि ब्लीचिंग पावडर, ऑगस्टमध्ये दोनदा घासलं. रेलिंगला कुठेही गंज नाही, फक्त तो जिन्याजवळचा खांब, उतार न दिलेल्या ठोकळ्यावर पाणी साचून त्याच्या पायाशी जस्ताची पांढरी भुकटी धरलीय. तिथे सिमेंटचा उतार करून घ्यायचाय, दिवाळीच्या आत.

आणि फळ्यांचा रंग. झालं असं की डेक तयार झाला आणि आठवड्याभरात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, उतरले. आईला इतकी मोठी, उन्हाची, उंचावरची, कोंबड्या न येणारी जागा आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. तिने अख्खा मे महिना तिथे आमसुलं वाळवली, प्लॅस्टिकवर घातली होती म्हणते, पण आगळ सगळीकडून ओघळलं. दाराकडच्या बाजूच्या चार-पाच ओळी गडद जांभळ्या-लाल झाल्या, पाऊस पडून गेला तरी गेल्या नाहीत, आणि ऊन-पावसाने बाकीचा डेक करडा होत चाललाय त्यामुळे तो भाग आणखीनच उठून दिसतो.

परवा दादा व्हिडिओ कॉलवर होता. आईने फोन फिरवून डेक दाखवला. तो एकदम थांबला, म्हणाला, "अगं, तो दाराजवळचा रंग काय मस्त आलाय! शेवटी स्टेन मारलास ना? कुठल्या कंपनीचा?"

आई म्हणाली, "रातांब्याचा."